पार्श्वभूमी : स्मृतिभ्रंशाच्या सोबतीला गाणं कसं आलं?

१९८९ साली ८२ वर्षांच्या एका संगीतकाराची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यांना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंश घडवणारा मेंदूचा आजार होता. पियानोपाशी बसवलं की पूर्वी बसवलेल्या रचना ते वाजवत. पण हे काय वाजवलंत, रचना कुणाची, असं विचारलं की सांगता येत नसे. हातांना ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. सकाळी पोटच्या लेकीला ‘तुम्ही कोण?’ म्हणणारी आई संध्याकाळी तिच्याच बरोबरीने गाण्याचं दुसरं कडवं न अडखळता म्हणते.

असं असूनही गाणं या आजाराच्या वाट्याला फार उशिरा आलं. संगीतोपचार हा रीतसर पेशा झाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांत गायक-वादक जात होते, त्यातून प्रशिक्षणाची गरज पुढे आली. मिशिगनमध्ये १९४४ साली पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ब्रिटनमध्ये चेलोवादक ज्युलिएट अल्विन यांनी १९५८ मध्ये संस्था काढली.

या साऱ्यात विसरभोळे झालेले म्हातारे मात्र जवळजवळ नव्हतेच. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंच्या आजाराचं वर्णन केलं, त्या पन्नाशीच्या होत्या. त्यामुळे अल्झायमर म्हणजे तुलनेने तरुण वयात होणारा दुर्मीळ आजार, असंच दीर्घकाळ मानलं गेलं. बाकीच्यांचं ते ‘वय झालं’. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये हे दोन्ही एकच असल्याचं ठासून मांडलं, तेव्हा कुठे चित्र पालटायला लागलं. पुढे १९९७ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड आणखी एक पायरी चढले : आजाराआधी माणूस बघा. मला वाटतं, गाण्याला खरी जागा मिळाली ती या वाक्याने. कारण त्यानंतर ‘रुग्णांना कुठलं संगीत लावावं’ हा प्रश्न मागे पडून ‘यांचं गाणं कोणतं?’ हा प्रश्न पुढे आला.

त्याच सुमारास परिचर्या संशोधक लिंडा गर्डनर यांनी प्रत्येकाच्या आवडीची गाणी, तीही अस्वस्थतेच्या ठरलेल्या वेळेच्या थोडी आधी लावायची पद्धत मांडली. दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त ठळक असतात, म्हणून त्या वयात ऐकलेली गाणी आधी शोधायची. खिशात मावणारी यंत्रं आल्यावर हे घरोघरी शक्य झालं.

पण ऐकवणं वेगळं आणि बरोबर गाणं वेगळं. इंग्लंडच्या बर्कशायरमध्ये २००३ पासून अल्झायमर्स सोसायटीने गाण्याचे मेळावे सुरू केले. तिथे आजारी माणूस आणि त्याची बायको किंवा मुलगा शेजारी बसून गात. स्वीडनमध्ये संशोधक एव्हा गोटेल यांनी त्याहून साधी गोष्ट पाहिली. सकाळी तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, हीच वेळ सगळ्यांत झगड्याची. ‘हात वर करा, असा नाही, वर’ या सूचनांचा भडिमार थांबवून परिचारिका त्या वेळी गाऊ लागल्या. सूचना कमी झाल्या, तरी पुढे काय करायचं ते लोकांना अधिक उमगू लागलं. पाठ सरळ झाली, हालचाल सैल झाली. फिनलंडमध्ये आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारा अशा ८९ जोड्यांना घेऊन दहा आठवड्यांचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. ऐकण्याने आणि गाण्याने मन हलकं झालं. गाण्याने सांभाळणाऱ्यांनाही उभारी आली. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मेंदूतली कारणं शोधली. ओळखीचं गाणं ऐकताना निरोगी माणसांच्या मेंदूतले जे भाग कामाला लागतात, ते अल्झायमरमध्ये तुलनेने कमी झिजलेले आढळले. हा अंदाज भक्कम आहे, तरी गाण्याने आजार हटतो असा त्याचा अर्थ काढू नये. अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात उदासी कमी झाल्याचं दिसलं. चिडचिड आणि स्मरणशक्ती यांत फारसा फरक दिसला नाही.

म्हणून गाणाऱ्या घरांत परीक्षा घेत नाहीत. ‘आठवतंय का हे?’ असं विचारायचं नाही. नेहमीपेक्षा संथ, खालच्या पट्टीत, समोर बसून, हात हातात घेऊन सुरू करायचं. ओळीचा शेवटचा शब्द आपण न म्हणता थांबायचं. कधी तो शब्द येतो. कधी नुसते ओठ हलतात, आणि हातावर बोटांचा ताल लागतो.