उष्ण वाळवंटी हवामानातील गृहरचना

उष्ण वाळवंटी हवामानातील गृहरचना : उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या, वर्षाला साधारणपणे २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या आणि बहुतेक दिवस निरभ्र आकाश असणाऱ्या प्रदेशात, कमीत कमी वीज व पाणी खर्चून राहण्याजोगे घर बांधण्याची पद्धती. सहारा, अरबस्तान, इराणचे पठार, थर, अमेरिका व मेक्सिकोतील सोनोरा आणि ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग येथे तिचा विशेष विचार करावा लागतो.

वाळवंट म्हटले की ऊन डोळ्यांपुढे येते. पण तिथे घर बांधणाऱ्याने आधी रात्रीचा विचार करावा. हवेत बाष्प आणि वर ढग नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री मोकळ्या आकाशाकडे भराभर उष्णता सोडते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात १५ ते २० अंशांचा फरक पडणे तिथे नेहमीचे. जुनी वाळवंटी घरे या फरकावरच चालतात. रात्रीचा गारवा भिंतीत साठवायचा आणि दुपारी तो पुरवून वापरायचा.

हे काम जाड भिंत करते. कच्च्या विटेची किंवा मातीची ३० ते ४० सेंटीमीटर जाडीची भिंत असेल, तर बाहेरची उष्णता आत पोहोचायला साधारण ९ ते १२ तास लागतात. दुपारचे ऊन आत जाणवू लागते तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडता येतात. पातळ काँक्रीट स्लॅब मात्र संध्याकाळपर्यंत पुरता तापतो आणि झोपेच्या वेळी खोलीवर उष्णता ओतत राहतो. जाड भिंत एकटी पुरत नाही, हेही तितकेच खरे. रात्री वारा आत घेतला नाही, तर तीच भिंत रोज थोडी थोडी तापत जाते आणि घराची भट्टी होते. उष्णतारोधक थर द्यायचा तर तो भिंतीच्या बाहेरच्या बाजूने द्यावा. तो आतून दिला की भिंतीची साठवणशक्ती खोलीपासून तुटते. नव्या बांधकामांत ही चूक सर्रास दिसते आणि ती नंतर सुधारणे फार महाग पडते.

सूर्याची दिशा हा पुढचा मुद्दा. उत्तर गोलार्धात २७ अक्षांशावर २१ जूनला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८६ अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो; डिसेंबरच्या अखेरीस तो ३९ अंशांच्या आसपास उतरतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही उन्हाळ्यात पुरतो आणि हिवाळ्यातले हवेसे ऊन आत येते. पश्चिमेला असे जमत नाही. तिथे दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्जाखालून थेट आत शिरते; ती बाजू शक्यतो बंद ठेवावी, नाहीतर जाळी, पडवी किंवा झाडाने झाकावी. उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन झेलते ते छप्पर. ते चुन्याने पांढरे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. त्याच्यावर हवा खेळती राहील असे दुसरे हलके छत घालणे हा त्याहून चांगला.

घराइतकीच वस्तीची घडणही महत्त्वाची आहे. जैसलमेरच्या पिवळ्या वालुकाश्माच्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत आणि गल्ल्या इतक्या अरुंद की शेजाऱ्याचीच सावली आपल्यावर पडते. लिबियातील घदामेस या मरूद्यान-नगरात तर गल्ल्याच छताखाली आहेत आणि वर गच्च्यांची वेगळी वाट आहे. चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून बांधलेला बंगला वाळवंटात चारही बाजूंनी तापतो. असे अंतर सक्तीचे करणारे बांधकामनियम या हवामानाला मारक आहेत. घराच्या मधोमध चौक असला की रात्रीची जड, गार हवा त्यात उतरते आणि सकाळी बराच वेळ टिकते.

इराणमधील याझ्द शहर बादगीर, म्हणजे वारा पकडणारे मनोरे, यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील दौलताबाद बागेतील बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. वारा असेल तेव्हा मनोरा तो खाली खोलीत आणतो. नसेल तेव्हा धुराड्यासारखा आतली गरम हवा वर ओढतो. खाली पाण्याचे कुंड असेल तर हवा आणखी गार होते, कारण एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषते. हे वीजमीटरवरच्या दोन-तृतीयांश युनिटइतके झाले. पण ज्या प्रदेशात पाणीच दुर्मिळ, तिथे ते हवेत उडवण्यापूर्वी दहादा विचार करायला हवा. आंघोळीचे व धुण्याचे पाणी गाळून पश्चिमेच्या भिंतीलगतच्या झाडांना देणे अधिक शहाणपणाचे. हिरवळ मात्र टाळावी. ती पाणी पिते आणि भिंतीला सावली देत नाही.

हे सारे कोरड्या, अंतर्गत वाळवंटाबद्दल. इराणच्या आखाताच्या किनाऱ्यावर हवा दमट असते, रात्र फारशी गार होत नाही आणि बाष्पीभवनही नीट साधत नाही. तिथे जाड भिंतीपेक्षा वारा महत्त्वाचा. म्हणूनच तिथे खजुराच्या झावळ्यांची, वारा आरपार जाऊ देणारी बरस्ती घरे बांधली जात.

जुन्या रचनेचे पुनरुज्जीवन सोपे नसते. इजिप्शियन वास्तुविशारद हसन फथी यांनी १९४० च्या दशकात लक्सॉरजवळ नवे गुर्ना हे गाव मातीच्या विटा, चौक आणि लाकडी आधाराविना उभारता येणाऱ्या नुबियन कमानींनी बांधले. रचना सुंदर होती; पण ज्यांच्यासाठी ती होती त्या गावकऱ्यांनी स्थलांतराला विरोध केला आणि गाव अपुरे राहिले. घर कितीही गार असले तरी त्यात राहायचे की नाही हे राहणाराच ठरवतो, याची फथी यांच्या कामावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनीही दखल घ्यायला हवी.

आज मोठी अडचण वेगळीच आहे. डांबर, काँक्रीट आणि वातानुकूलन यंत्रांची गरम हवा यांमुळे वाळवंटी शहरांच्या रात्रीच तापू लागल्या आहेत. अमेरिकेतील फिनिक्स शहरात २०२३ च्या जुलैमध्ये सलग १६ दिवस किमान तापमान ३२ अंशांखाली उतरले नाही. अशा रात्री खिडक्या उघडून भिंत गार होत नाही आणि यंत्र लावावेच लागते. तरीही जाड भिंत वाया जात नाही. दुपारी गच्चीवरील सौर पॅनेल भरपूर वीज देत असताना यंत्र चालवून भिंती गार करून ठेवल्या, तर त्यांचा गारवा सूर्यास्तानंतर कित्येक तास पुरतो आणि बॅटरीची गरज कमी होते. त्यासाठी पॅनेल छपरापासून थोडे उंच बसवावेत. त्यांच्याखालून वारा वाहतो, छपराला सावली मिळते आणि तापल्यामुळे पॅनेलची घटणारी वीजनिर्मितीही काही प्रमाणात सावरते.