नोटीस परत पाठवली तरी ती पोहोचलेलीच

वसुलीची नोटीस पोस्टमनकडून घेतलीच नाही तर बँकेचे हात बांधले जातात, हा समज सोलापुरात पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांपासून होटगी रोडपर्यंत पसरलाय. खोटा आहे. बरोबर पत्त्यावरचं रजिस्टर पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यानं परत गेलं, तरी कोर्ट सहसा ते पोहोचलं असंच धरतं.

पाकीट घ्या. उत्तरात खातेउतारा आणि मुद्दल, व्याज, दंड यांचा वेगवेगळा हिशेब मागा. पत्र वसुली एजन्सीचं असेल तर बँकेचं अधिकारपत्रही. ‘रक्कम देणं मान्य’ असं घाईनं लिहून सही करू नका. बँकेला कोर्टात दावा लावायची 3 वर्षांची मुदत संपण्याआधीची अशी लेखी कबुली मुदत नव्यानं सुरू करते. उत्तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा.

कोर्टाचं समन्स मात्र वेगळं: 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागते, तिथं वकील गाठाच.