वरून काय दिसलं नव्हे, केव्हा दिसलं?

समजा, सकाळी साडेसहाला ठाण्यात तलावपाळीवर फेऱ्या मारणारे एक काका कोपिनेश्वर मंदिराजवळ कोसळले. हाक मारली तर ओ नाही, श्वास नाही. तिथलाच एक जाणकार छातीच्या मधोमध तळहाताची टाच रोवून दाब द्यायला लागतो, १०८ची गाडी येते, शॉक दिला जातो आणि काका वाचतात. चार दिवसांनी ते मुलाला सांगतात, "मी वरून सगळं बघत होतो रे." यमाच्या दारात जाऊन आले, असं सोसायटीभर होतं. मरणाच्या उंबरठ्यावरच्या अशा अनुभवाला 'मृत्युसमीप अनुभव' म्हणतात.

काका खोटं बोलत नाहीत. मात्र ही आठवण नेमकी केव्हा तयार झाली, हे त्यांनाही सांगता येणार नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

हृदय थांबल्यावर १० ते २० सेकंदांत शुद्ध जाते. त्यामुळे अनुभवाला पहिली जागा मिळते ती या काही सेकंदांत. दुसरी जागा छाती दाबली जात असताना. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल असा दाब नीट दिला तरी मेंदूला नेहमीच्या रक्तपुरवठ्याच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मिळतो. दाबणारा दमला, मध्येच थांबला किंवा प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दिली नाही, तर तेवढाही मिळत नाही. थांबल्यावर रक्तदाब झपकन पडतो आणि परत उभा राहायला बरेच दाब खर्ची पडतात. उलट दाब उत्तम असेल तर हृदय बंद असतानाही काही रुग्ण डोळे उघडतात, हात हलवतात. म्हणजे 'मेलेला' मेंदू मधूनमधून लुकलुकत असतो. तिसरी जागा शुद्धीवर येतानाची, गुंगीची. तिथे कानावर पडलेलं, अंगाला जाणवलेलं आणि नंतर बायकामुलांकडून ऐकलेलं असं सगळं एकाच गोष्टीत शिवलं जातं.

हे अनुभव दुर्मीळ नाहीत. हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी नेदरलँड्समधल्या १० रुग्णालयांत हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ जणांची पाहणी केली. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असं काही अनुभवल्याचं सांगितलं.

वेळ पकडायची कशी? हृदय बंद पडलेल्या रुग्णांचा अभ्यास करणारे डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने साधी युक्ती केली. वॉर्डात छताजवळ फळ्या ठोकल्या आणि त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. २०१४ साली निष्कर्ष आले. हृदय बंद पडण्याच्या २०६० घटनांपैकी ७८ टक्के घडल्या जिथे फळीच नव्हती तिथे! पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट आठवणारे दोघे निघाले, तेही बिनफळीच्या जागेतले. त्यांतल्या एकाने शॉकच्या यंत्राच्या सूचना ऐकल्याचं सांगितलं. त्यावरून सुमारे तीन मिनिटांची जाणीव असावी, असा हिशेब मांडला गेला. त्याच गटाच्या २०२३च्या अभ्यासात टॅबलेटच्या पडद्यावर चित्रं आणि कानात फळांची नावं अशी जोडी केली. हृदय बंद पडलेल्या ५६७ जणांपैकी ५३ वाचले, २८ जणांशी बोलता आलं. चित्र एकालाही सांगता आलं नाही, फळांची नावं एकाने सांगितली. आत्मा छतापाशी तरंगत असेल तर डोळ्यांपेक्षा त्याचे कान बरे दिसतात. याच अभ्यासात काहींच्या मेंदूत, छाती दाबायला सुरुवात होऊन ३५ ते ६० मिनिटं उलटल्यावरही, जवळपास नेहमीसारख्या लहरी उमटल्या. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, कारण आठवण तेव्हाही तयार होत असू शकते.

अशा अनुभवांत अनेकांना दिसणारा बोगदा मात्र फारसा गूढ नाही. लढाऊ वैमानिकांना मोठ्या चक्रात गरगर फिरवलं की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि शुद्ध जाण्याआधी नजर कडेकडून काळी होत मध्यभागी आक्रसते. डोळ्याच्या आतल्या दाबामुळे रक्त कमी पडल्याचा फटका दृष्टीला आधी बसतो. शरीराबाहेर तरंगण्याचंही तसंच. जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांक यांच्या गटाने फेफऱ्याच्या एका रुग्णाच्या मेंदूत, उजव्या बाजूला कानाच्या वर-मागे, विजेचा सौम्य झटका दिला, तेव्हा तिला स्वतःचं शरीर वरून दिसलं. तेही अर्धवट, फक्त पाय आणि कमरेजवळचा भाग. हे २००२ सालचं.

आपल्याकडच्या गोष्टीत बोगदा क्वचितच येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली उत्तर भारतातली १६ प्रकरणं मांडली. त्यांत यमदूत येतात, माणसाला नेतात, तिथे वही उघडली जाते आणि 'हा नव्हे, दुसरा आणायचा होता' म्हणून परत धाडतात. चित्रगुप्ताच्या कचेरीतही नावांचा घोळ होतो तर! पलीकडे एकच मुलूख असता तर पाश्चात्त्य रुग्णांनाही ती वही दिसायला हवी होती. निदान तपशील तरी माणूस इथूनच घेऊन जातो. परलोक नाही, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. हे सगळे परत आलेले लोक आहेत. ज्यांचा मेंदू कायमचा थांबला, त्यांच्यातलं कुणी साक्षीला येत नाही.

घरात असा रुग्ण असेल तर भेटीच्या वेळेत "प्रकाश दिसला का? आजी भेटली का?" असं विचारू नका, उत्तर तुमच्याच प्रश्नातून तयार होतं. "काय आठवतंय?" एवढंच विचारा आणि त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, तेही छाती कुणी दाबली, शॉक किती दिले हे त्यांना सांगण्याआधी. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांची १६ प्रश्नांची मोजपट्टी अभ्यासक वापरतात; ३२ पैकी ७ गुण झाले की तो मृत्युसमीप अनुभव धरतात. आणि काका भिंतीवरून मुंग्या चालल्याचं सांगत असतील, रात्री नळ्या उपसत असतील, तर ती बहुधा अतिदक्षता विभागातली भ्रमावस्था असते. ते डॉक्टरांना लगेच सांगा.