डायलिसिसच्या रुग्णाचे वजन नेमके कशाचे?

उंचीच्या मानाने वजन वाढत गेले की हृदयविकार, मधुमेह आणि अकाली मृत्यूचा धोका वाढतो, हे निरोगी माणसांच्या बाबतीत वारंवार सिद्ध झाले आहे. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तर मात्र उलटेच दिसते: कृश रुग्णांपेक्षा स्थूल रुग्ण सरासरीने अधिक काळ जगतात. फ्रान्समधील संशोधकांना याची चाहूल १९८२ मध्येच लागली होती. पुढे २००३ मध्ये कामयार कलंतर-जादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांच्या बाबतीतही असाच उलटा संबंध आढळतो हे दाखवून ही सारी निरीक्षणे ‘रिव्हर्स एपिडेमिऑलॉजी’, म्हणजे धोक्याच्या घटकांचे उलटे चित्र, या नावाखाली एकत्र मांडली.

यावरून रुग्णाने लठ्ठ व्हावे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. लठ्ठपणा हे मूत्रपिंड निकामी होण्यामागचे एक कारण आहेच, शिवाय फार स्थूल रुग्णाचे प्रत्यारोपण करण्यास अनेक केंद्रे तयार नसतात. आकड्यांतही एक मेख आहे. गंभीर आजार माणसाला आधी वाळवतो आणि मग मारतो, त्यामुळे काही अंशी कृशता हे मृत्यूचे कारण नसून येऊ घातलेल्या मृत्यूचे लक्षण असते. चरबीचे दुष्परिणाम दिसायला दहा-वीस वर्षे लागतात, तर डायलिसिसच्या रुग्णाला कुपोषण आणि जंतुसंसर्ग यांचा धोका आजचाच असतो, आणि अशा वेळी शरीरातील साठा उपयोगी पडतो.

पण हा साठा कशाचा, हा खरा प्रश्न आहे. बीएमआय म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. त्यात स्नायू, चरबी आणि पाणी यांची सरमिसळ झालेली असते. अमेरिकेत श्रीनिवासन बेद्दू आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये डायलिसिस नुकतेच सुरू झालेल्या रुग्णांचे स्नायूंचे प्रमाण लघवीतील क्रिएटिनिन या स्नायूंत तयार होणाऱ्या द्रव्यावरून अजमावले. बीएमआय जास्त आणि स्नायूही चांगले असलेल्यांना स्थूलतेचा लाभ दिसला; बीएमआय जास्त पण स्नायू कमी असलेल्यांना तो दिसला नाही, उलट त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. इटलीत ५३७ रुग्णांच्या पाहणीतून २००९ मध्ये असेच काहीसे पुढे आले: बीएमआय मोठा असणे अनुकूल, पण कंबरेचा घेर मोठा असणे प्रतिकूल.

स्नायूंत तयार होणारे क्रिएटिनिन मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थोडीफार काम करत असतात तोवर ते वाढणे ही वाईट बातमी असते. मात्र नियमित डायलिसिस होणाऱ्या, लघवी जवळजवळ थांबलेल्या रुग्णात डायलिसिसपूर्वीचे क्रिएटिनिन बऱ्याच अंशी स्नायूंचा अंदाज देते. घरच्यांना ‘क्रिएटिनिन उतरले’ याचा आनंद होतो तेव्हा कधीकधी स्नायूच उतरलेले असतात. सुमारे १ लाख २२ हजार रुग्णांच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात वजन घटूनही क्रिएटिनिन वाढलेले रुग्ण हे वजन वाढून क्रिएटिनिन घटलेल्या रुग्णांपेक्षा अधिक जगले.

स्नायू झिजण्याची कारणे अनेक आहेत. रक्तातील आम्लता वाढली की स्नायूंतील प्रथिने मोडणारी पेशींची यंत्रणा जोमाने काम करू लागते. सततचा दाह आणि इन्सुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद तिला हातभार लावतात. साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे तोंडाची चव जाते. हिमोडायलिसिसच्या, म्हणजे यंत्राने रक्त गाळण्याच्या, एका बैठकीत साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले गाळणीतून निघून जातात, तर पोटातून होणाऱ्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात. त्यात खुर्चीवर चार-चार तास बसणे आणि नंतरचा थकवा यांमुळे हालचालही कमी होते.

भारतीयांनी या बाबतीत अधिक सावध असावे, असे मला वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के. मुळात स्नायू बेताचे असलेल्या शरीराला डायलिसिसची झीज परवडत नाही, आणि ‘अंगाने भरलेला’ दिसणारा रुग्ण सुरक्षित आहे असेही समजता येत नाही.

वजनातील तिसरा आणि सर्वांत फसवा घटक म्हणजे पाणी. जादा पाणी काढून टाकल्यावर रुग्णाचे जे वजन असायला हवे त्याला ड्राय वेट म्हणतात आणि प्रत्येक बैठकीत यंत्राला तेच लक्ष्य दिले जाते. समजा, ५८ किलो ड्राय वेट असलेला रुग्ण न्यूमोनियाने आजारी पडून दोन किलो स्नायू आणि चरबी गमावून बसला. लक्ष्य ५८ वरच राहिले तर काटा नेहमीचाच आकडा दाखवील, पण त्या दोन किलोंची जागा पाण्याने घेतलेली असेल. मग रक्तदाब चढतो, दम लागतो, हृदयावर ताण येतो. म्हणून प्रत्येक मोठ्या आजारपणानंतर ड्राय वेट नव्याने ठरवावे लागते. शरीरातून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडून पाणी अजमावणारे बायोइम्पीडन्स यंत्र येथे उपयोगी पडते. ते नसेल तर दंडाचा घेर आणि मुठीच्या पकडीची ताकद ठरावीक काळाने मोजत राहिल्यास स्नायूंची दिशा तरी कळते.

आहाराच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत जुन्या पथ्यामुळे होते. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करण्यास, बहुधा प्रतिकिलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत, सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर ही गरज १.० ते १.२ ग्रॅमवर जाते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. तरीही अनेक घरांत डाळ आणि अंडी वर्षानुवर्षे बंदच राहतात. मूत्रपिंडे निकामी असताना फॉस्फरस आणि पोटॅशियम रक्तात साचतात, ही त्यामागची भीती; पण अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अगदी कमी असतो. डाळींतील फॉस्फरसही पाकीटबंद पदार्थांत मिसळलेल्या फॉस्फेटच्या तुलनेत बराच कमी शोषला जातो. पोटॅशियमचा हिशेब अर्थात प्रत्येकाच्या तपासण्या पाहून आहारतज्ज्ञानेच करायचा असतो.

नुसते खाऊन स्नायू टिकत नाहीत. इटलीत २९६ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरच्या घरी ठरवून चालण्याचा साधा कार्यक्रम दिलेल्या गटाचे सहा मिनिटांत चालण्याचे सरासरी अंतर सहा महिन्यांत ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले, तर दुसऱ्या गटाचे जवळपास होते तेवढेच राहिले.