मंदिर, शाळा आणि मोजपट्टी : चीनमधील जीर्णोद्धारात विद्यार्थी कुठून आले?

चीनमधील वास्तुशास्त्राचे विद्यार्थी सुटीच्या दिवसांत एखाद्या जुन्या मंदिरात मुक्काम टाकतात, खांबापासून कौलापर्यंत सगळे मोजून कागदावर उतरवतात, आवारातील शिलालेखांचे ठसे घेतात, आणि पुढे दुरुस्ती करणारे त्यांच्या रेखाटनांचा आधार घेतात. अशा उपक्रमांकडे आज समाजसेवेचा एक स्तुत्य प्रकार म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात या प्रथेला जवळपास शतकभराचा इतिहास आहे, आणि तिच्याही आधी तेथे शाळा आणि मंदिर यांचा जो संबंध होता, तो जपणुकीचा नसून ताबा घेण्याचा होता.

1898 साली छिंग साम्राज्यातील (चीनची शेवटची राजवट) वजनदार अधिकारी झांग झीदोंग यांनी शिक्षणसुधारणेचा एक उपाय सुचवला. नव्या शाळांसाठी इमारती बांधायला पैसा नाही, पण मंदिरे व मठ गावोगाव आहेत. तेव्हा प्रत्येक तालुक्यातील दहापैकी सात मंदिरे घेऊन तेथे शाळा भरवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये सम्राट ग्वांगशू यांनी, ज्या मंदिरांना राजमान्य पूजाविधींत स्थान नाही त्यांच्या शाळा कराव्यात, असा हुकूम काढला. ती सुधारणा दोन-अडीच महिन्यांत बारगळली, पण कल्पना टिकली आणि पुढील काही दशकांत असंख्य गावांत ती अमलात आली. आपल्याकडेही गावची शाळा देवळाच्या ओवरीत भरत असे. मात्र आपल्या ओवरीत देव आणि पाढे एकत्र नांदले, तर तेथे पुष्कळ ठिकाणी मूर्ती हलवल्या वा फोडल्या गेल्या आणि गाभाऱ्याचा वर्ग झाला. यातला उपरोध असा, की वर्ग किंवा पुढे धान्याचे कोठार म्हणून वापरात राहिल्यामुळेच अनेक इमारतींचे छप्पर शाकारले गेले आणि त्या उभ्या राहिल्या. रिकामी पडलेली लाकडी इमारत पाण्याने आणि वाळवीने लवकर संपते.

मोजपट्टी घेऊन मंदिरात जाण्याची रीत 1930च्या सुमारास सुरू झाली. माजी मंत्री झू छीछियान यांना 1919 साली नानजिंगच्या ग्रंथालयात सोंग राजवटीच्या काळातील (दहावे ते तेरावे शतक) बांधकामविषयक ग्रंथाची हस्तलिखित प्रत आढळली. ली ज्ये यांनी सिद्ध केलेला ‘यिंगझाओ फाशी’ हा ग्रंथ 1103 साली सरकारी नियमावली म्हणून प्रसिद्ध झाला होता. पण आठशे वर्षांनंतर त्यातील संज्ञा कोणालाच नीट लागेनात. तो उलगडण्यासाठी झू यांनी चिनी वास्तुकलेच्या अभ्यासाची एक संस्था काढली आणि 1931 साली वास्तुविशारद लियांग सिचेंग तीत रुजू झाले. लियांग आणि त्यांच्या पत्नी लिन हुईयिन दोघेही अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकले होते. स्त्री असल्यामुळे लिन यांना तेथे वास्तुशास्त्र विभागात प्रवेश मिळाला नव्हता, त्यांनी ललितकलेत पदवी घेतली. वास्तुशास्त्राची पदवी त्या विद्यापीठाने त्यांना 2024 साली मरणोत्तर दिली.

ग्रंथातले शब्द कळायचे तर त्या काळची इमारत सापडली पाहिजे, आणि इमारतीचा काळ ठरवायचा तर ती मोजली पाहिजे, असा लियांग यांचा साधा हिशेब होता. 1932च्या एप्रिलमध्ये ते बीजिंगच्या पूर्वेकडील जीश्येन गावातील दूले मंदिरात पोहोचले. या मंदिराचा सुगावाही मोठा गमतीचा आहे: बीजिंगच्या नगारखान्यात लोकशिक्षणासाठी मांडलेल्या छायाचित्रांत त्याचे एक चित्र होते, ते वास्तुविशारद यांग तिंगबाओ यांच्या नजरेस पडले. तेथील क्वानयिन मंडप 984 सालचा, म्हणजे तोवर चीनमध्ये माहीत असलेल्या लाकडी इमारतींत सर्वांत जुना निघाला. आतली बोधिसत्त्वाची मूर्ती सुमारे 16 मीटर उंच आहे आणि दोन मजल्यांच्या मधली पोकळी तिच्यासाठीच सोडलेली आहे.

या मोजणीत खरा वेळ जातो तो ‘दौगोंग’मध्ये. खांबाचा माथा आणि छपराचा पसारा यांच्यामध्ये लाकडी ठोकळे व आडवे हात एकमेकांत खाचवून जो जुडगा बसवतात, त्याला हे नाव आहे. छपराचा भार तोच खांबावर उतरवतो आणि वळचण पुढे काढण्याचे कामही तोच करतो. जुन्या काळी हे जुडगे आकाराने मोठे व संख्येने थोडे असत. पुढे ते लहान, दाट आणि निव्वळ शोभेचे होत गेले. त्यामुळे एका हाताची उंची मोजली, तरी शतकाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडील महाविद्यालयांत ज्याला ‘मेझर्ड ड्रॉइंग’ म्हणतात तोच हा प्रकार. फक्त येथे तो गुणांसाठी नसून काळनिर्णयासाठी होता.

1937च्या उन्हाळ्यातील वूताय पर्वतावरचे फोग्वांग मंदिर हा या शोधाचा कळस म्हणावा लागेल. थांग राजवटीच्या काळातील (सातवे ते दहावे शतक) लाकडी इमारत पाहायची तर जपानमधील नारा येथेच जावे लागेल, असे जपानी अभ्यासक त्या वेळी म्हणत असत. लियांग, लिन आणि त्यांचे दोन सहकारी खेचरांवरून तेथे पोहोचले आणि छताच्या वरच्या अंधाऱ्या पोकळीत शिरले. तेथे वटवाघळांची वस्ती, जाड धूळ आणि ढेकणांचा सुळसुळाट होता. खाली तुळईवर शाईची पुसट अक्षरे आहेत, हे प्रथम लिन यांच्या ध्यानात आले, कारण त्यांना लांबचे चांगले दिसत असे. मचाण बांधून आणि तुळई ओल्या फडक्याने पुसून अक्षरे लावली, तेव्हा निंग गोंगयू या दानकर्त्या स्त्रीचे नाव वाचता आले. तेच नाव अंगणातील दगडी स्तंभावर होते आणि तेथे 857 हे साल मिळाले. स्वतः निंग गोंगयू यांची बसलेली मूर्ती सभामंडपाच्या एका टोकाला आहे. स्थानिक इतिहास म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला तरी आठवत नाही. काही दिवसांनी डोंगर उतरल्यावर त्यांना जपानशी युद्ध पेटल्याची बातमी मिळाली.

युद्धाने या कामाची दुसरी बाजू दाखवली. संस्थेने आपल्या निगेटिव्ह आणि रेखाटने त्येनजिनमधील एका बँकेच्या तिजोरीत ठेवली होती. 1939च्या पुरात तळघर बुडाले आणि त्यातील बराच ठेवा नासला. इमारत सोडाच, तिची नोंदही एकाच जागी ठेवणे धोक्याचे, हे यातून कळले. 1941 साली झू छीछियान यांच्या आग्रहाने झांग बो या तरुण वास्तुविशारदाने जपानव्याप्त बीजिंगच्या मध्य अक्षावरील, म्हणजे शहराच्या मधोमध उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषेलगतच्या, वास्तू मोजायला घेतल्या. सोबत होते त्येनजिनच्या एका महाविद्यालयातील वास्तुशास्त्र व स्थापत्य शाखांचे त्यांचे विद्यार्थी. 1944पर्यंत चाललेल्या या कामात राजवाड्याबरोबर राजपूर्वजांचे मंदिर आणि स्वर्गमंदिरही होते, आणि सहाशेहून अधिक मोठी रेखाटने तयार झाली. बॉम्ब पडला तर निदान पुन्हा बांधता यावे, हा हेतू उघड होता. स्वर्गमंदिराबाबत ही भीती अगदी रास्त होती: त्यातील मुख्य गोल मंडप 1889 साली वीज पडून जळाला तेव्हा नकाशे मिळेनात, आणि पूर्वी दुरुस्तीवर काम केलेल्या कारागिरांच्या आठवणीवरून तो नव्याने उभारावा लागला होता.

युद्धकाळात लियांग यांची संस्था सिचुआनमधील लीझुआंग या नदीकाठच्या गावी हलली होती. सोळा वर्षांचे लुओ झेवेन तेथे 1940 साली शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढे चीनच्या भिंतीच्या दुरुस्तीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. तेथेच काम केलेले लू शेंग नंतर त्येनजिन विद्यापीठात अध्यापक झाले आणि 1950च्या दशकापासून विद्यार्थ्यांना घेऊन छंगदे येथील राजोद्यान व त्याभोवतीची मंदिरे मोजू लागले. मोजणी अभ्यासक्रमाचा भाग झाली ती येथून. लियांग यांनी 1946 साली सुरू केलेल्या छिंगह्वा विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागातही हीच परंपरा होती. सांस्कृतिक क्रांतीच्या, म्हणजे 1966 ते 1976च्या राजकीय उलथापालथीच्या, काळात हे सारे थांबले.

मोजून झाल्यावर दुरुस्ती कशी करायची, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. लियांग यांनी 1960च्या दशकात आपल्या कवळीचा दाखला दिला होता: दंतवैद्याने त्यांचे वय पाहून दात थोडे पिवळसर आणि विरळ बसवले, म्हणून ते खोटे वाटत नाहीत, जुन्या इमारतीची दुरुस्तीही जुनीच दिसावी. पण जुनी म्हणजे कोणत्या काळची? 782 सालच्या नानछान मंदिराची 1974-75मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा नंतरच्या शतकांतील दारे-खिडक्या काढून आणि आखूड झालेली वळचण पुन्हा लांबवून त्याला थांग काळातील रूप देण्यात आले. त्या रूपातील काही भाग पुराव्याने सिद्ध आहे, काही तर्काने. माझ्या मते दुरुस्तीपूर्वीची मोजणी-चित्रे म्हणूनच अधिक मोलाची ठरतात: काढून टाकलेले जे काही होते, ते आता फक्त त्यांतच उरलेले असते.

नानछान आणि फोग्वांग ही दोन्ही मंदिरे शान्शी प्रांतात आहेत आणि चीनमधील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींचा मोठा हिस्सा याच प्रांतात टिकून आहे. प्रांताच्या दक्षिण भागातील 105 प्राचीन वास्तूंच्या दुरुस्तीची योजना 2008 साली हाती घेण्यात आली. या भागातील ग्राममंदिरांत देवासमोर नाटकाचा रंगमंच असतो आणि भिंतीलगत शिळा उभ्या असतात. कोणत्या साली पाऊस मागितला, छपरासाठी कोणी किती दिले, सुतार कोठून आणला, हे त्यांवर कोरलेले असते. हल्ली लेझर स्कॅनर काही तासांत इमारतीचा बाह्याकार टिपतो, पण जुडग्याच्या आतली खाच किंवा तुळईच्या पाठीवरची शाई त्याला दिसत नाही. शिळेवरील झिजलेली आडनावे आज गावात कोणाची आहेत, हेही गावकऱ्यांनाच विचारावे लागते.

ऑक्टोबर 2021मधील अतिवृष्टीत शान्शीतील 1763 वारसास्थळांना गळती, खचणे, भिंती कोसळणे अशा प्रकारे झळ पोहोचल्याचे प्रांताच्या वारसा विभागाने जाहीर केले. राष्ट्रीय संरक्षणाच्या यादीतील मंदिरांना निधी आणि देखरेख मिळते. त्याखालच्या दर्जाच्या, किंवा कोणताच दर्जा नसलेल्या मंदिरांची नीट रेखाटनेही बहुधा झालेली नसतात. 2007 ते 2011 दरम्यानच्या वारसास्थळांच्या तिसऱ्या राष्ट्रीय गणनेत सुमारे 7,66,000 स्थावर वारसास्थळे नोंदली गेली होती. चौथी गणना नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झाली. तिची मुदत जून 2026पर्यंत ठरवलेली असून विद्यापीठांतील विद्यार्थीही या कामात उतरले आहेत.