इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या घरगुती थिअऱ्या

इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याच्या अंगातलीच फिरकी, जिच्यामुळे तो छोटं चुंबकही असतो) म्हणजे काय आणि उत्तेजित अणू, म्हणजे बाहेरून ऊर्जा मिळालेला अणू, प्रकाश का सोडतो, याचे लोकांनी आपापल्या डोक्याने लावलेले अर्थ म्हणजे या घरगुती थिअऱ्या. त्या जगभर सापडतात, पण इकडे विदर्भातल्या खेड्यांत त्यांचा मुक्काम पानठेल्यावर, मोटर वायंडिंगच्या दुकानात आणि रात्रपाळीची लाइन यायची वाट बघत विहिरीवर बसलेल्या माणसांत असतो. त्यातल्या बहुतेक चुकीच्या आहेत. मूर्खपणाच्या मात्र सगळ्या नाहीत, आणि हा फरक नीट पाहण्यासारखा आहे.

गडबड शब्दापासूनच सुरू होते. स्पिनला कोणी परिवलन म्हणतं, तो शब्द आपण भूगोलात पृथ्वीसाठी शिकलेलो, कोणी फिरकी म्हणतं की लगेच जामठ्याच्या ग्राउंडवर टप्पा पडून वळणारा बॉल डोळ्यासमोर येतो. उत्तेजित अणूचं तर विचारूच नका, आमच्या बारावीच्या वर्गात एकाने त्याला 'अंगात आलेला अणू' असं नाव ठेवलं होतं. नाव वाईट नाही खरंतर, कारण अंगात येणंही थोड्याच वेळाचं असतं. सोडियमचा अणू उत्तेजित झाला की साधारण १६ नॅनोसेकंदात शांत होतो आणि जाताना पिवळा प्रकाश सोडून जातो.

सगळ्यात जास्त चालणारी थिअरी भवऱ्याची. आमच्या गावातले वायंडिंगवाले काका जळालेल्या पंपाच्या कॉइलमधली काळी तार उपसता उपसता सांगायचे, "विजेचा गोळा फिरला का करंट झाला, करंट झाला का चुंबक आलंच ना भाऊ, मंग त्यात येवढं काय समजाचं हाय?" आता गंमत अशी की १९२५ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन पोरांनी अगदी हेच म्हटलं होतं. तिथल्याच लॉरेन्ट्झ या बुजुर्ग भौतिकशास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं की एवढासा गोळा एवढी फिरकी दाखवायची तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा कितीतरी जोरात पळायला हवा (गोळ्याची त्रिज्या जुन्या हिशोबाने २.८ फेम्टोमीटर धरली तर शंभर पटीहून जास्त), तेव्हा दोघं घाबरले आणि पेपर मागे घ्या म्हणाले, पण त्यांच्या सरांनी, एरेनफेस्टने, तो आधीच पाठवून दिला होता. त्याच्या काही महिने आधी क्रोनिग या तरुण भौतिकशास्त्रज्ञालाही हेच सुचलं होतं, पण पाउली या नामी भौतिकशास्त्रज्ञाने त्याला उडवून लावलं आणि तो बिचारा गप्प बसला. म्हणजे काकांची कल्पना जिथे अडते तिथेच मोठ्यांचीही अडली होती, पुढे १९२८ मध्ये डिराकने सापेक्षता पाळणारं समीकरण मांडलं आणि त्यातून स्पिन आपोआप बाहेर पडला, गोळा नाही, आस नाही, काहीच फिरवावं लागलं नाही.

दुसरी थिअरी याच भवऱ्याची बहीण. भवरा फिरतो तोवर पडत नाही, तसा इलेक्ट्रॉन फिरतो म्हणून केंद्रकावर पडत नाही. ऐकायला इतकं गोड की मीही एक वर्ष मानत होतो. याला उत्तर पायॉन नावाच्या कणाचं. त्याचा स्पिन शून्य, तरी ऋण पायॉन केंद्रकाभोवती अडकला की अणूसारख्याच ऊर्जेच्या पातळ्या तयार होतात. शेवटी तो केंद्रकात जातो, पण ते केंद्रकाच्या स्वतःच्या तगड्या बलामुळे, फिरकी नाही म्हणून नाही. इलेक्ट्रॉनला वर धरून ठेवते ती अनिश्चितता: जितकं त्याला कमी जागेत दाबाल तितकी त्याची धडपड वाढते.

तिसरी म्हणते की उत्तेजित अणूत इलेक्ट्रॉन जोरात गरगरतो आणि ब्रेक लागला की ठिणगी उडते, थ्रेशरच्या बेल्टसारखी. इथे चूक साधी आहे, स्पिनचं माप कधी कमी-जास्त होतच नाही, थंडीत नाही, आगीत नाही. बदलते ती दिशा, किंवा मग इलेक्ट्रॉनची कक्षाच. पण स्पिनचा उत्तेजित अणूशी काही संबंधच नाही असं समजू नका, आणि तो बघायला चूल पुरते. पऱ्हाटीच्या जाळावर चिमूटभर मीठ टाका, तडतड होते आणि ज्योत क्षणभर गडद पिवळी होते. तो सोडियम. बीएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये सोडियमचा दिवा असतो, चालू केला की आधी गुलाबी-लाल दिसतो (आतल्या निऑनमुळे), मग पाच-दहा मिनिटांत हळूहळू पिवळा होतो, तोवर सर हजेरी घेतात. ग्रेटिंगमधून (बारीक रेघांची काच, ती प्रकाशाचे रंग वेगळे करते) पाहिलं तर पहिल्या ऑर्डरला, म्हणजे बाजूला दिसणाऱ्या पहिल्या प्रतिमेत, आमच्या जुनाट यंत्रात एकच जाड रेघ दिसायची, दुर्बीण आणखी बाजूला सरकवून दुसऱ्या ऑर्डरला गेलो, श्वास धरून स्क्रू फिरवला, तेव्हा ती फाटून दोन झाली. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. ही फाट इलेक्ट्रॉनच्या स्पिनने पाडलेली. इलेक्ट्रॉनचं छोटं चुंबक त्याच्याच कक्षेमुळे जाणवणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात सुलट की उलट यावर ऊर्जा किंचित बदलते, बस. सुरुवातीला या फाटीचं गणित दुप्पट यायचं, १९२६ मध्ये थॉमसने निम्म्यावर आणलं.

चौथी थिअरी धंद्याची. इलेक्ट्रॉन न थांबता फिरतो, मग तेवढी फिरकी चुंबकाने काढून घेतली की फुकट पंप चालतो, बिल नाही, लोडशेडिंग नाही. ज्याला रात्री दोनला साप-विंचवातून मोटर सुरू करायला जावं लागतं त्याला ही का आवडते हे सांगायला नको, म्हणून मी यावर हसत नाही, पण कोणी मशीनसाठी अ‍ॅडव्हान्स मागत असेल तर तो तुमची फिरकी घेतोय एवढं नक्की. इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर असला की त्याला आणखी खाली जाता येत नाही, म्हणजे त्याच्याकडून काढून घ्यायला काही उरत नाही. एक टेस्लाच्या चांगल्या दणकट चुंबकात इलेक्ट्रॉन उलटवला तर मिळतात जेमतेम ०.०००१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूच्या जगातलं ऊर्जेचं एकक), तेही एकदाच, आणि परत उलटवायला तेवढेच भरावे लागतात. मिठाच्या त्या पिवळ्या प्रकाशाचा एक कण २.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो.

स्पिन डोळ्यांनी दिसावा असा प्रयोग त्याचं नाव पडायच्या आधीच झाला होता. १९२२, फ्रँकफर्ट, स्टर्न आणि गेरलाख. चांदीच्या अणूंचा झोत वेड्यावाकड्या चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तो पसरायच्या ऐवजी सरळ दोन भागांत फुटला, एक सुलट स्पिनचा, एक उलट. काचेवरचा चांदीचा थर इतका पातळ की दिसेना, स्टर्नने पुढे सांगितलेल्या किश्श्याप्रमाणे त्याच्या स्वस्तातल्या सिगारच्या गंधकी धुरानं तो काळा पडला आणि मग दिसला. घरात तोरड्या काळ्या पडतात तसंच.

काकांच्या बाजूनंही एक प्रयोग आहे. १९१५ मध्ये आइनस्टाइन आणि द हास यांनी लोखंडाची कांडी दोऱ्याने टांगून तिचं चुंबकत्व उलटवलं, तर कांडी खरोखरच पिळली गेली. म्हणजे गोळा फिरत नसला तरी फिरकीचा जोर खरा आहे, नुसतं नाव नाही. चुंबकत्व आणि पिळाचं गुणोत्तर सांगणारा एक आकडा असतो, कक्षेतल्या फिरण्यासाठी १ आणि स्पिनसाठी २; त्यांना १ अपेक्षित होता आणि १ च्या जवळच आला. नंतर दुसऱ्यांनी मोजला तर २ च्या जवळ निघाला, म्हणजे पीळ स्पिनचाच होता.