मुद्रालेखातला राजा : रुमानियाच्या राजपदकांची पार्श्वभूमी

१८६६च्या मे महिन्यात होहेनझोलर्न-झिगमारिंगन घराण्यातला एक जर्मन राजपुत्र खोट्या नावाच्या पासपोर्टवर ऑस्ट्रियातून आगगाडीने रुमानियाकडे निघाला. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटायला आलं होतं, म्हणून ही लपवाछपवी. जुन्या कॅलेंडरने १० मे रोजी बुखारेस्टला पोचून त्याने शपथ घेतली आणि तो पहिला कॅरोल झाला. राजा मात्र नाही. तुर्की सुलतानाचा मांडलिक, म्हणजे नुसता ‘डोम्न’ (सत्ताधीश राजपुत्र).

पदकं ओळखायची तर सुरुवात इथून करावी लागते. चेहऱ्यावर भिस्त ठेवू नये, कारण पहिला कॅरोल आणि त्याचा पुतण्या फर्डिनांड दोघेही दाढीवाले. मुद्रालेख, म्हणजे पदकावर किंवा नाण्यावर कोरलेली अक्षरं, वाचावा. १८७७ला स्वातंत्र्य जाहीर झालं, तुर्कांशी प्लेव्हनाची (आजच्या बल्गेरियातली) लढाई झाली आणि १८८१ला देश राजाचं राज्य बनला. तोपर्यंत कॅरोलच्या नावापुढे ‘डोम्नुल’, त्यानंतर ‘रेजे’ (राजा). त्याच १८८१ सालच्या पाच लेईच्या (लेई हे रुमानियाचं चलन) नाण्यांवर दोन्ही बिरुदं सापडतात. राज्याभिषेकाचा मुकुट प्लेव्हनाला जिंकलेल्या तुर्की तोफेच्या पोलादाचा होता. पदकावर हा मुकुट दिसला, की ते १८८१च्या आधीचं नाही हे नक्की.

तारखांचा घोळ वेगळाच. रुमानियात १९१९पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं. चेर्नावोडाचा डॅन्यूबवरचा पूल १८९५ला खुला झाला, तो जुन्या गणतीने १४ सप्टेंबरला, नव्या गणतीने २६ला. त्यामुळे त्या काळच्या पदकावरची तारीख आजच्या पुस्तकातल्या तारखेशी जुळली नाही, म्हणून ते लगेच नकली ठरवू नये.

१९०६ला कॅरोलच्या कारकिर्दीला चाळीस वर्षं झाली. बुखारेस्टला मोठं प्रदर्शन भरलं, १८६६-१९०६ अशी साल-जोडी असलेली नाणी आणि पदकं निघाली. यातली काही पदकं फितीने छातीवर लावायची, काही नुसती जपून ठेवायची. हा भेद अनेक जण पाळत नाहीत. माझ्या मते संग्रहाची मांडणी त्यावरच व्हावी.

१९२२ला ट्रान्सिल्व्हेनियातल्या आल्बा युलिया शहरात फर्डिनांडचा राज्याभिषेक झाला. तो कॅथलिक, देश ऑर्थोडॉक्स, म्हणून सोहळा चर्चबाहेर झाला आणि पोलादी मुकुट त्याने स्वतःच डोक्यावर ठेवला. व्हिक्टोरिया राणीची नात असलेल्या मारी राणीला मुकुट त्यानेच घातला.

१९३०पासून फर्डिनांडचा मुलगा दुसरा कॅरोल याच्या नाण्यांवर ‘रुमानियाचा राजा’ जाऊन ‘रुमानियनांचा राजा’ आला. त्याच्या राजवटीतलं फसवं पदक १९३९चं आहे. त्याचा विषय पहिल्या कॅरोलची जन्मशताब्दी, पण ते काढलं दुसऱ्या कॅरोलने, तेही १९३८ला सारी सत्ता स्वतःच्या हाती घेतल्यावर. पूर्वजाचं नाव गाजवण्यात त्याचा स्वार्थ उघड होता.

‘आर्देआलुल नोस्त्रू’ म्हणजे ‘आमचं ट्रान्सिल्व्हेनिया’ या सोन्याच्या तुकड्यावर मिहाई विटेआझुल (सोळाव्या शतकाअखेरचा शूर राजा मिहाई), फर्डिनांड आणि दुसऱ्या कॅरोलचा मुलगा तरुण राजा मिहाई अशी तीन मुखं आहेत, आणि १६०१, १९१८, १९४४ ही सालं. कॅटलॉगांत तो बहुधा वीस लेईचं नाणं म्हणून येतो. त्यावर किंमत कुठेच छापलेली नाही. मी तो पदकांतच धरतो.